डी.एल. स्कोपी सांगितली आहे? दवाखान्यात जाण्याआधी आणि घरी आल्यावर काय करायचं

केसपेपरवर डॉक्टरांनी ‘डी.एल. स्कोपी अंडर जी.ए.’ एवढंच खरडलेलं असतं आणि घरी पोचेपर्यंत कुटुंबात दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, ‘दुर्बिणीची तपासणी आहे, घाबरायचं काय त्यात?’ दुसरा म्हणतो, ‘पूर्ण भूल देणार म्हणजे ऑपरेशनच की!’ दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. डी.एल. स्कोपी म्हणजे डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी. तिच्यात तोंडातून धातूची पोकळ नळी घालून स्वरयंत्र थेट नजरेसमोर आणतात. बाहेरून चीर नाही, टाका नाही, आणि काम बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आटपतं. भूल मात्र पूर्ण असते (जी.ए. म्हणजे तेच), त्यामुळे तयारीत सूट नाही.

माझ्या आत्याच्या वेळी हे सगळं जवळून पाहिलं. आत्या म्हणजे कोथरूडच्या शाळेत आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी बाई. तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणाला ही स्कोपी सांगितली की फोन मलाच येतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: टेबलावरच्या त्या अर्ध्या तासाची लोक उगाच धास्ती घेतात, आणि ज्या गोष्टी आपल्या हातात असतात त्या, म्हणजे दातांची माहिती, गोळ्यांची यादी, नंतरचं मौन आणि बायोप्सीचा रिपोर्ट, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

आधी नेमकी कोणती स्कोपी ते विचारा

लॅरिंगोस्कोपी या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली ओपीडीतच होते. डॉक्टर कापडाने जीभ धरतात, घशात आरसा किंवा कडक दुर्बीण नेतात आणि ‘ईऽऽ’ म्हणायला लावतात. दुसरी नाकातून, बारीक लवचिक दुर्बिणीने. आधी नाकात औषध फवारतात, थोडं कडू लागतं, घसा बधिर होतो, आणि स्क्रीनवर आपले स्वररज्जू, म्हणजे आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्या, आपल्यालाही दिसतात. या दोन्हींना पूर्ण भूल लागत नाही, त्या उरकून माणूस चालत घरी जातो. तिसरी ती डायरेक्ट, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली. त्यात मायक्रोस्कोप वापरला की तिलाच मायक्रोलॅरिंगोस्कोपी म्हणतात, कागदावर एम.एल.एस. लिहिलेलं असतं.

जाता जाता, गाणाऱ्यांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. जिवंत माणसाचे हलणारे स्वररज्जू नीट पाहून त्यांचं वर्णन करण्याचा मान एका गानशिक्षकाकडे जातो. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. त्याने १८५४ साली दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच घशात डोकावलं. आरशाशिवाय, थेट नळीतून पाहण्याची सुरुवात १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइनने केली.

नाकातून सगळं दिसत असेल तर भूल कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर असं की तिथे नुसतं बघून भागत नसतं. संशयास्पद जागेचा तुकडा घ्यायचा असतो, पॉलिप किंवा सिस्ट अलगद काढायची असते, पांढरा चट्टा सोलायचा असतो, स्वररज्जूंच्या खालची किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी लपलेली जागा धुंडाळायची असते. जागेपणी तिथे नुसता स्पर्श झाला तरी माणूस खोकून बेजार होतो.

म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ओपीडीच्या तपासणीत नेमकं काय दिसलं? नुसतं बघणार, तुकडा घेणार, की सगळंच काढणार? सोबत अन्ननलिकेची किंवा श्वासनलिकेची स्कोपी आहे का? संध्याकाळी घरी सोडणार की रात्रभर ठेवणार? आणि नंतर किती दिवस बोलायचं नाही? शिक्षक, कीर्तनकार, क्लासवाले, हिंजवडीत दिवसभर कॉलवर असणारे, यांच्या रजेचं गणित या शेवटच्या उत्तरावर बसतं.

एक गोष्ट इथेच सांगतो. निदान ‘व्होकल नोड्यूल’ असेल, म्हणजे आवाज ताणून ताणून दोन्ही रज्जूंवर समोरासमोर आलेले घट्टे, तर सहसा आधी स्पीच थेरपी करून बघतात. ती न करताच थेट स्कोपीची तारीख मिळाली असेल तर ‘थेरपीने बरं होण्यासारखं आहे का?’ हे विचारायला अजिबात लाजू नका. बोलण्याची सवय तीच राहिली तर काढलेले घट्टे परत येतात.

उलट काही बाबतींत दिरंगाई परवडत नाही. आवाज बसून तीन-चार आठवडे उलटले आणि सर्दी-खोकल्याचं निमित्तही उरलेलं नाही, गिळताना अडकतं, थुंकीत रक्त दिसतं, मानेत गाठ लागते, घशाबरोबर एकाच बाजूचा कान दुखत राहतो, वजन उतरतंय, यातलं काहीही असेल आणि त्यात तंबाखू, बिडी-सिगारेट, मिश्री किंवा दारूची सवय असेल, तर ज्येष्ठमध चघळत बसू नका. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ओपीडीच्या नंबराची वाटही बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

पी.ए.सी.: भूलतज्ज्ञांची भेट

रक्त-लघवी, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे या तपासण्या झाल्या की भूलतज्ज्ञ पेशंटला तपासतात. ही भेट म्हणजे सहीपुरती औपचारिकता असा अनेकांचा समज असतो. या ऑपरेशनात तरी ही भेट सर्वांत महत्त्वाची, कारण सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही एकाच वाटेने, तोंडातून, काम करायचं असतं.

आत्याला त्यांनी तोंड पूर्ण उघडायला लावलं. मग तिचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगितली. बसली. मान मागे टाकायला लावली, तेव्हा तिचा स्पॉन्डिलायसिस कुरकुरला, ते लिहून घेतलं. मग टॉर्च मारून दात. वरच्या पुढच्या दातावरची रूट कॅनालची कॅप तिने सांगितलीच नव्हती; ‘ती कॅप घट्ट आहे हो, वीस वर्षांत हलली नाही,’ असं म्हणून तिने विषय झटकला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, ‘आजी, आमच्या नळीचा भार नेमका तिथेच येतो.’

तुम्हीही घरी आरशासमोर बोटांचा हा प्रयोग करून बघा. तीन बोटं जात नसतील तर ते आधीच सांगा. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत तोंडाच्या आतली कातडी कडक होऊन जबडा उघडेनासा होतो, आणि मग नळी घालणं अवघड होऊन बसतं. असा पेशंट ऐन वेळी टेबलावर लक्षात येणं कुणालाच नको असतं. हलणारा दात, कॅप, ब्रिज, इम्प्लांट, कवळी, सगळं सांगा. दात फारच हलत असेल तर आधी डेंटिस्टकडे पाठवतात. घोरणं, दमा, आधीच्या भुलेत झालेला त्रास, मानेचं किंवा थायरॉइडचं जुनं ऑपरेशन, हेही सांगायचं. तंबाखूची सवय बायकोसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर तिला क्षणभर बाहेर बसवा, पण डॉक्टरांपासून लपवू नका. मिश्रीही तंबाखूच असते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते,’ असं सांगणाऱ्या बायका आपल्याकडे थोड्याथोडक्या नाहीत.

गोळ्यांची यादी तोंडी सांगू नका, गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे) कधी थांबवायच्या, थांबवायच्या की नाही, हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. स्टेंट असलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळी बंद करणं या स्कोपीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. बीपीच्या बहुतेक गोळ्या त्या दिवशीही पहाटे घोटभर पाण्याबरोबर घेतात, पण काही मुद्दाम वगळतात, त्यामुळे आपली कोणती ते नावानिशी विचारा. मधुमेहाची सकाळची गोळी उपाशीपोटी सहसा घेत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साधारण ३ दिवस आधीच थांबवायला सांगतात. हल्ली या गोळ्या घरोघरी आहेत आणि नेमक्या याच सांगायच्या राहतात. इन्शुलिनचं प्रमाणही विचारून घ्या. आयुर्वेदिक काढे, गुग्गुळ, लसणाच्या कॅप्सूल हीसुद्धा औषधंच, यादीत त्यांनाही जागा द्या.

पैशांचं आणि तारखेचं

मेडिक्लेम असेल तर एक खाचखळगा माहीत असू द्या. फक्त तपासणीसाठी भरती झालात तर खर्च मिळणार नाही, असं कलम पॉलिसीत असतं. त्यामुळे बायोप्सी घेणार किंवा गाठ काढणार असतील तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या आणि कॅशलेसची परवानगी भरती होण्याआधी मागा. डे-केअरमध्ये २४ तास भरती राहण्याची अट नसते, पण आपल्या पॉलिसीच्या यादीत हे काम बसतं का ते हॉस्पिटलातल्या टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर विचारून ठेवलेलं बरं.

पॉलिसी नसेल तर पुण्यात सरकारी ससून आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधीच जा आणि आपलं काम कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा. शिवाय शहरातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. आपणहून कुणी विचारायला येत नाही, आपणच विचारायचं.

तारीख निवडायला वाव असेल तर गणपतीचे दहा दिवस टाळा. लक्ष्मी रस्ता बंद, टिळक रस्ता बंद, त्यात रात्री श्वासाचा त्रास झाला तर पेठांतून गाडी काढणार कशी? आणि ढोलताशाच्या गजरात मौन पाळणं सोपं नाही. समोरचा मोठ्याने बोलला की आपलाही आवाज नकळत चढतो. भोर, वेल्हे, जुन्नर, इंदापूरकडून येणाऱ्यांनी पहिली रात्र शहरातल्या नातेवाइकाकडे काढावी. काही झालंच तर हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर हवं. अर्थात कॅन्सरचा संशय असेल तर सणवार बघायचे नाहीत, मिळेल ती पहिली तारीख घ्यायची.

आदली रात्र आणि तो दिवस

ऑपरेशनच्या आधी हलकं जेवण किमान ६ तास, तेलकट किंवा भरपेट जेवण ८ तास आणि साधं पाणी २ तास बंद, हा सर्वसाधारण नियम. हॉस्पिटलने याहून कडक वेळ दिली असेल तर तीच पाळायची. आपल्याकडे घात करतो तो चहा. ‘काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा,’ हे वाक्य ऐकलं की भूलतज्ज्ञ कपाळाला हात लावतात. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, त्यालाही ६ तासच. ताकाचंही तेच. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून चहा प्यायलेल्या पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकलतात. रागावू नका, ते बरोबरच करतात.

सकाळी दात घासा, आंघोळ करा. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच ठेवा. थिएटरच्या दारात सिस्टरशी त्यावरून वाद घालून काही साधत नाही. कवळी डबीत घालून नातेवाइकाकडे द्या. पुढून बटणं असलेला सदरा किंवा गाऊन बरा पडतो. सोबत जुने रिपोर्ट, ओपीडीतल्या स्कोपीचे फोटो, गोळ्यांची पिशवी, आणि एक पाटी किंवा वही-पेन घ्या.

मग संमतीपत्र. त्यात एक ओळ असते, ‘गरज पडल्यास ट्रॅकिओस्टॉमी’, आणि ती वाचून भल्याभल्यांचे हात थांबतात. ट्रॅकिओस्टॉमीत गळ्याच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेत छिद्र करून नळी बसवतात. लहानसा पॉलिप असलेल्या माणसावर ती वेळ क्वचितच येते. पण स्वरयंत्रातल्या गाठीने श्वासाची वाट आधीच अरुंद केली असेल, तर सूज येऊन ती पूर्ण बंद होऊ शकते, आणि तेव्हा ही नळीच जीव वाचवते. काही वेळा धोका आधीच दिसत असतो आणि जागा बधिर करून ती आधीच बसवतात. ‘माझ्या बाबतीत शक्यता किती?’ हा प्रश्न सहीच्या आधी विचारायचा, नंतर नव्हे.

टेबलावर

यातलं तुम्हाला काहीच कळणार नाही, तरी थोडक्यात सांगतो. शिरेतून औषध जातं, झोप लागते. नेहमीपेक्षा बारीक नळी श्वासनलिकेत घालतात, म्हणजे सर्जनला बाजूने काम करायला जागा राहते. मान पुढे आणि डोकं मागे अशा स्थितीत ठेवून वरच्या दातांवर संरक्षक पट्टी किंवा ओलं गॉज लावतात आणि धातूची नळी जिभेवरून स्वरयंत्रापर्यंत नेतात. नळीचा दांडा छातीवरच्या आधाराला टेकवला की ती जागच्या जागी राहते आणि सर्जनचे दोन्ही हात मोकळे होतात. पुढचं सगळं मायक्रोस्कोपखाली, लांब दांड्याच्या नाजूक चिमट्यांनी आणि कात्र्यांनी होतं. बायोप्सीचा तुकडा जेमतेम तिळाएवढा असतो.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही भीती अजूनही घराघरात आहे आणि तिच्यापायी लोक महिनोन्‌महिने घालवतात. अशा तुकड्याने स्वरयंत्राचा कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर रेडिएशन किंवा मोठं ऑपरेशन सुरू करणार नाही. स्वररज्जूंचा कॅन्सर आवाजातल्या बदलामुळे लवकर लक्षात येतो, आणि लवकर सापडला तर लेसरने किंवा रेडिएशनने, स्वरयंत्र राखून, तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. दवडलेला वेळच इथे महागात पडतो.

घरी आल्यावर

घसा दोन-तीन दिवस दुखतो. थुंकीत लालसर रेषा दिसतात, जबडा आणि मान आखडते, ओठाला बारीक खरचटलेलं असतं. जीभ दाबली गेल्यामुळे कधी कधी तिचा एखादा भाग बधिर वाटतो किंवा चव बिघडते. हे बहुतेकदा काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत आपोआप जातं. आवाज सुरुवातीला आधीपेक्षा वाईट वाटेल, घाबरू नका.

पाणी कधी द्यायचं ते रिकव्हरीतल्या सिस्टर सांगतील. घसा बधिर केला असेल तर तो बधिरपणा उतरल्याशिवाय घोटही नको, ठसका लागतो. त्यानंतर मऊ भात, मुगाची खिचडी, कोमट वरण. मिसळ आणि ठेचा आठवडाभर विसरा. रात्री जेवून लगेच आडवं होऊ नका, पोटातलं आम्ल वर येऊन ताजी जखम चुरचुरते. पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, घरी एकटं राहायचं नाही. पुण्यात हे मुद्दाम सांगावं लागतं: डिस्चार्ज झाल्यावर स्कूटरच्या मागे बसूनही जायचं नाही, भुलेच्या गुंगीत तोल जातो. रिक्षा करा.

आता मौन. किती दिवस ते डॉक्टर सांगतील. नुसता तुकडा घेतला असेल तर दोन-तीन दिवस, रज्जूच्या कडेवरून काही काढलं असेल तर आठवडाभरही. मौनात कुजबुजणंही येतं. लोकांना वाटतं हळू बोललं की चालतं, पण कुजबुजताना घशावर वेगळाच ताण पडतो. खाकरणं, गुणगुणणं, ‘हं, हं’ करणं, सगळं बंद. घशात कफ अडकल्यासारखं वाटलं की खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा.

आत्याची पहिल्या दिवशीची पाटी अजून डोळ्यांसमोर आहे: ‘आमटीत मीठ नाही. सांगू नका असं डॉ. म्हणाले नाहीत.’ पाटी चांगलीच चालली होती. पण दाराची बेल वाजली की तोंडून ‘कोण आहे?’ निघायचंच. शेवटी आम्ही बेलचं बटण बंद केलं, तिचा फोन काढून घेतला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. घरच्यांनी एवढं करायलाच हवं. पेशंटच्या निग्रहावर सगळं सोडू नका. मौन संपल्यावरही पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटंच बोलायचं, आणि वर्गावर किंवा रियाजाला डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट सांगतील तेव्हाच बसायचं.

श्वास घेताना घरघर किंवा धाप, ताजं लाल रक्त, स्वतःची थुंकीही गिळता न येणं, ताप, छातीत किंवा मानेत वाढत जाणारं दुखणं, मानेवर सूज येऊन दाबल्यावर चुरचुर वाजणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. अन्ननलिकेचीही स्कोपी झाली असेल तर शेवटच्या दोन खुणांकडे जास्तच लक्ष ठेवा.

रिपोर्ट

बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, बऱ्याचदा आठवडाही जातो. तोवर आवाज सुधारलेला असतो, घसा दुखायचा थांबलेला असतो, आणि ‘आता बरं आहे की’ म्हणून रिपोर्ट आणायचा राहून जातो. असं करू नका. डिस्चार्ज घेतानाच रिपोर्ट कुठल्या खिडकीवर, कोणत्या तारखेला मिळेल हे कार्डावर लिहून घ्या आणि घरातल्या एकाच माणसावर ती जबाबदारी टाका. चौघांवर टाकली की कुणीच जात नाही.

रिपोर्ट हातात आला की इंटरनेटवर शब्द शोधण्याआधी सर्जनला दाखवा. ‘डिस्प्लेझिया’ (पेशींची बिघडलेली वाढ) लिहिलेलं असेल तर तो कॅन्सर नव्हे, पण त्यात सौम्य ते तीव्र अशा पायऱ्या असतात आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा पाहत राहावं लागतं. रिपोर्ट साफ आला पण डॉक्टरांचा संशय कायम असेल तर पुन्हा तुकडा घ्यायला सांगू शकतात. तिळाएवढ्या तुकड्यात नेमकी बिघडलेली जागा आलीच असेल असं नसतं. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, मुंबईला टाटाला जायचं असेल, तर नुसता कागद नेऊन भागत नाही. पॅथॉलॉजीतून काचेच्या स्लाइड आणि ज्यात तुकडा बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक अर्ज करून मागून घ्या. त्या घेताना पेशंटचं नाव आणि नमुन्याचा नंबर रिपोर्टशी तिथल्या तिथे ताडून बघा, डबी पिशवीत न कोंबता हातात धरून न्या आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.